साप्ताहिक सभेला वक्ता कसा बोलवावा, आणि त्याला बोलू कसं द्यावं

रोटरी या सेवाभावी संस्थेच्या सोलापुरातल्या एका क्लबच्या कार्यक्रम समितीचं काम मी काही वर्षं सांभाळलं. दर आठवड्याला नवा वक्ता मिळवणं अवघड, असं सगळे म्हणतात. मला मात्र मिळालेल्या वक्त्याच्या वेळेची राखण करणं जास्त अवघड गेलं.

एकदा वस्त्रोद्योगावर बोलायला एका अनुभवी गृहस्थांना बोलावलं होतं. दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं, तिघांचे वाढदिवस आणि दोघांचे सत्कार झाले. पाहुण्यांच्या हातात माईक आला तेव्हा स्वयंपाकी ‘जेवण तयार आहे’ म्हणून दारात उभा होता. त्यांना नऊ मिनिटं मिळाली. ते हसून निघून गेले, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून मी जी पद्धत धरली ती अशी.

आधी वर्ष मांडा

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून जूनमध्येच कॅलेंडर घेऊन बसा. गणपती, नवरात्र, दिवाळी आधी खोडा. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा असते, नंदीध्वजांची मिरवणूक असते. त्या आठवड्यात सभा ठेवली तर खुर्च्या रिकाम्या राहतात. कामकाजाच्या सभा आणि कौटुंबिक कार्यक्रम वजा केले की पस्तीसेक वक्ते लागतात. त्यातले निम्मे जूनमध्ये ठरवा आणि निम्म्या जागा मोकळ्या ठेवा, कारण वर्षभरात नवी माणसं भेटतच असतात.

२०१६ पासून रोटरीने क्लबांना महिन्यातून किमान दोनदा भेटण्याची मुभा दिली आहे. दर आठवड्याला वक्ता जमत नसेल, तर चार सभा ओढून नेण्यापेक्षा दोन भरीव घ्या, असं मी स्पष्टपणे म्हणेन.

माणूस शोधताना विषयाचा प्रश्न करा

‘पाणी’ हा विषय दिला की वक्ता पृथ्वीवरच्या पाण्यापासून सुरुवात करतो. ‘उजनी धरणातून निघालेलं पाणी माझ्या नळाला यायला इतके दिवस का लागतात?’ असं विचारलं की पाणीपुरवठ्यातला अभियंता फळ्यावर नकाशा काढायला लागतो. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना ‘डाळिंब शेती’ सांगू नका; तेल्या रोग एका बागेतून दुसऱ्या बागेत कसा जातो, ते विचारा. नान्नजच्या माळरानावर माळढोक पक्षी का दिसेनासा झाला, हे तिथे रोज फिरणारा वनरक्षक सांगू शकतो. चार हुतात्मा पुतळ्यावरून आपण रोज जातो. पण मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, कसा लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे फासावर कसे गेले, हे सलग किती सभासदांना सांगता येईल? एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकांना त्यासाठी बोलवा.

पदापेक्षा हातातलं काम पाहा. माझ्या आठवणीतली सर्वांत रंगलेली सभा चादरीच्या डिझाइनची जकार्ड कार्डं पंच करणाऱ्या एका काकांची होती. घरात तेलुगू बोलणारे, व्यासपीठावर कधी न चढलेले. ‘शुद्ध मराठीत बोलायला जमणार नाही,’ म्हणून नाहीच म्हणत होते. मी म्हटलं, काका, कारखान्यात पोरांशी बोलता तसंच बोला. त्यांनी पिशवीतून भोकं पाडलेली कार्डं काढली आणि रांगेतून फिरवली. कुठल्या भोकाने कुठला धागा वर उचलला जातो आणि त्यातून मोर कसा उमटतो, हे प्रत्येकाने हाताने चाचपून पाहिलं. जन्मभर सोलापुरी चादर पांघरणारे आम्ही, हे पहिल्यांदाच पाहत होतो.

आमंत्रण

किमान तीन आठवडे आधी फोन करा आणि मग एकदा प्रत्यक्ष जाऊन भेटा. एवढं नेमकं सांगा: ‘वीस मिनिटं तुमची, पंधरा मिनिटं प्रश्नांची. साधारण चाळीस माणसं असतील. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक. तुम्हाला सोयीच्या भाषेत बोला.’ पडदा लागेल का, न्यायला गाडी पाठवू का, जेवणात काही वर्ज्य आहे का, हेही विचारा. पक्षाचा प्रचार किंवा विमा-गुंतवणुकीची विक्री चालणार नाही, हे आदराने पण त्याच भेटीत सांगून टाका. नंतर सांगितलं तर दोघांनाही अवघड होतं. आदल्या दिवशी पुन्हा फोन.

आयत्या वेळी वक्ता आला नाही तर? एका सभासदाचं ‘माझा व्यवसाय’ हे भाषण कायम तयार ठेवा.

सभेचा तास

साडेसातला घंटा, मग राष्ट्रगीत, अध्यक्षांचे दोन शब्द आणि वाढदिवस, सगळं मिळून दहा मिनिटं. सेक्रेटरींच्या सूचना पाच. परिचय दोनच मिनिटं. पदव्यांची यादी वाचू नका, हा माणूस आज आपल्यापुढे का आहे तेवढं सांगा. मग वीस मिनिटं भाषण, पंधरा प्रश्न, तीन आभार. घड्याळ एका सभासदाच्या हाती द्या. उशीर झाला तर सूचना कापा, सत्कार पुढच्या आठवड्यावर ढकला. वक्त्याच्या वीस मिनिटांना हात लावू नका. मी यावरून अध्यक्षांशीही वाद घातला आहे.

पहिला प्रश्न एखाद्या नव्या सभासदाला आधीच तयार करून ठेवायला सांगा, म्हणजे शांतता मोडते. प्रश्नाच्या नावाखाली कुणी भाषण सुरू केलं तर सूत्रसंचालकाने ‘साहेब, तुमचा प्रश्न?’ असं नम्रपणे विचारावं. बाहेरगावच्या पाहुण्यांना चादर द्या. विणकराच्या घरी चादरी असतातच, त्यांना एखादं पुस्तक द्या.

सभाच त्यांच्याकडे न्या

१९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सोबती आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटत. रोटरी हे नाव त्या फिरण्यावरूनच आलं. ती रीत दोन महिन्यांतून एकदा तरी पाळा. यंत्रमागाच्या कारखान्यात जा. आधी चालू माग पाहा, मग ते बंद करवून अंगणात सतरंजीवर बसा, कारण खडखडाटात एक शब्द ऐकू येत नाही. नान्नजला जायचं तर हिवाळ्यातली सकाळ धरा.

सभेनंतर

त्याच रात्री आभाराचा निरोप आणि आठवड्याच्या आत सहीचं पत्र. सभेच्या वहीत तीन ओळी लिहा: काय कळलं, क्लबला काय करता येईल, ते कोण करणार. ती वही पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये उघडा. जकार्डवाल्या काकांनी बोलता बोलता सांगितलं होतं, की कार्डं पाहून पाहून डोळे गेले. दोन महिन्यांनी आम्ही त्यांच्याच गल्लीत नेत्रतपासणी शिबिर घेतलं, आणि तारीख ठरवायला पहिला फोन त्यांनाच केला.