लिनक्सवर अपडेटनंतर कॉन्फिग फाइली कशा जुळवाव्यात

अपडेट चालू असताना टर्मिनल मध्येच थांबतं आणि विचारतं: ही कॉन्फिग फाइल (प्रोग्रामची सेटिंग्ज असलेली फाइल) तुम्ही बदललेली आहे, पॅकेजमध्येही तिची नवी आवृत्ती आली आहे, कोणती ठेवू? बहुतेक जण 'एन' दाबून, म्हणजे आपलीच फाइल ठेवून, पुढे जातात. त्या घडीला ते योग्यच असतं, पण काम अर्धंच झालेलं असतं. नव्या आवृत्तीत एखादा कालबाह्य पर्याय काढलेला असतो, सुरक्षेसाठी एखादी ओळ वाढवलेली असते, आणि ते तुमच्या फाइलमध्ये येत नाही. 'वाय' दाबलं तर तुमची सेटिंग्ज बाजूला पडतात. खरं काम म्हणजे दोन्हीकडचे बदल एकत्र आणणं. (इथे कमांड आणि फाइलींची नावं उच्चारानुसार लिहिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीतच करावीत.)

डेबियन आणि उबुंटूवर पॅकेज बसवणारं डीपीकेजी तीन चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे) ताडून पाहतं: मागच्या पॅकेजमधल्या फाइलचा, डिस्कवरच्या फाइलचा आणि नव्या पॅकेजमधल्या फाइलचा. तुम्ही फाइलला हात लावलेला नसेल, तर नवी फाइल न विचारता बसते. फक्त तुम्हीच बदल केला असेल, तर तुमची फाइल राहते. प्रश्न येतो तो दोन्हीकडे बदल असतील तेव्हाच, म्हणून आधी 'डी' दाबून फरक वाचा. नुसतं एंटर दाबलं तर ते 'एन' धरलं जातं. तुमची फाइल ठेवली की नवी शेजारी .डीपीकेजी-डिस्ट या शेपटासह राहते. नवी घेतली की जुनी .डीपीकेजी-ओल्ड होते. काही पॅकेजं कॉन्फिग फाइलींसाठी यूसीएफ हे वेगळं साधन वापरतात, त्यांची शेपटं .यूसीएफ-डिस्ट आणि .यूसीएफ-ओल्ड.

फेडोरा आणि रेड हॅटकडे पॅकेज बसवणारं आरपीएम प्रश्नच विचारत नाही, निर्णय पॅकेज बनवणाऱ्याने आधीच घेतलेला असतो. .आरपीएमन्यू दिसली तर तुमची फाइल चालू आहे आणि नवी बाजूला आहे. .आरपीएमसेव्ह दिसली तर उलट: तुमची फाइल बाजूला पडली आहे आणि सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) नव्या फाइलवर चालते किंवा पुढच्या रिस्टार्टला चालेल. म्हणून आधी .आरपीएमसेव्ह पाहा. आर्च लिनक्सवर बाजूला ठेवलेली नवी फाइल .पॅकन्यू असते. जेंटू लिनक्सवर इमर्ज ही पॅकेज बसवणारी कमांड नवी फाइल नावाआधी ._सीएफजी००००_ लावून ठेवते.

प्रत्येक अपडेटनंतर /इटीसी या कॉन्फिग फाइलींच्या डिरेक्टरीमध्ये 'फाइंड' चालवून ही शेपटं शोधा. फेडोरावर 'आरपीएमकॉन्फ -ए', आर्चवर पॅकमन-कॉन्ट्रिब पॅकेजमधलं 'पॅकडिफ' आणि जेंटूवर 'डिस्पॅच-कॉन्फ' एकेक फाइल समोर आणून देतात. डिस्पॅच-कॉन्फ जुन्या प्रती साठवूनही ठेवतं, त्यामुळे त्याच कामाच्या इटीसी-अपडेटपेक्षा ते बरं.

नुसती तुमची आणि नवी फाइल शेजारी ठेवली, तर कुठला फरक कोणी केला ते कळत नाही. त्यासाठी तिसरी फाइल हवी: जुन्या पॅकेजमधली मूळ प्रत. ती पॅकेज कॅशमधून (डाउनलोड केलेल्या पॅकेजांच्या साठ्यातून) काढता येते, डेबियनवर /व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज आणि आर्चवर /व्हार/कॅश/पॅकमन/पीकेजी इथे, अर्थात कॅश साफ केलेली नसेल तर. मग 'गिट मर्ज-फाइल -पी' ला क्रमाने तुमची, मूळ आणि नवी अशा तीन फाइली द्या आणि निकाल वेगळ्या फाइलमध्ये घ्या. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तिथे संघर्षाच्या खुणा (<<<<<<< अशा ओळी) येतात. त्या हाताने सोडवा, एकही राहू देऊ नका.

निकाल जागेवर नेताना 'एमव्ही' नको, 'सीपी' वापरा. आधीच असलेल्या फाइलवर सीपी केलं की तिची मालकी आणि परवानग्या टिकतात. एमव्ही केलं तर स्रोत फाइलच्या परवानग्या येतात. एमव्ही झालंच असेल आणि एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा चालू असेल, तर फाइलचं सुरक्षा-लेबल पूर्ववत करणारं 'रिस्टोअरकॉन' चालवा.

सर्व्हिस नव्या फाइलवर रीलोड करण्याआधी तपासणी हवीच: 'एसएसएचडी -टी', 'एनजिनएक्स -टी', सुडोअर्ससाठी (सुडोचे अधिकार ठरवणारी फाइल) 'व्हीसुडो -सी', एफएसटॅबसाठी (डिस्क कुठे जोडायच्या याची यादी) 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय'. एसएसएचची (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याची सेवा) फाइल दूरून बदलत असाल, तर चालू सेशन उघडंच ठेवा, रीस्टार्ट करा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन जमतं का ते पाहा. जमल्यावरच पहिलं बंद करा.

पासवर्ड, शॅडो (सांकेतिक रूपातले पासवर्ड) आणि ग्रुप या यूजर-खात्यांच्या फाइलींची नवी प्रत कधीही जशीच्या तशी बसवू नका. तिच्यात तुमचे यूजर नसतात, लॉगिनच जातं. आणखी एक फसवी जागा म्हणजे डेबियनवरची एनजिनएक्स या वेब सर्व्हरची साइट्स-एनेबल्ड डिरेक्टरी. तिच्यातली प्रत्येक फाइल वाचली जाते, त्यामुळे तिथे ठेवलेली बॅकअप प्रतही लागू होते आणि डुप्लिकेट डीफॉल्ट सर्व्हरसारखी चूक येते. बॅकअप बाहेर ठेवा.

हा सगळा खटाटोप कमी करायचा असेल, तर मुख्य फाइलला हातच लावू नका, आपले बदल .डी शेपटाच्या डिरेक्टरीतल्या स्वतंत्र फाइलमध्ये लिहा. सर्व्हिसच्या फाइलींसाठी 'सिस्टिमसीटीएल एडिट' हेच करतं. मात्र एक्झेकस्टार्ट (सर्व्हिस सुरू करणारी कमांड) बदलताना आधी तीच ओळ किंमत न देता रिकामी लिहावी लागते, नाहीतर बहुतेक सर्व्हिस दोन एक्झेकस्टार्ट नाकारतात. क्रमाचीही काळजी घ्या: सिसीटीएलमध्ये (कर्नलची सेटिंग्ज) नंतर वाचलेली किंमत लागू होते, म्हणून फाइलचं नाव ९९ ने सुरू करतात; एसएसएचडीमध्ये (एसएसएचचा सर्व्हर) मात्र पहिली किंमत टिकते. सुडोअर्स.डीमध्ये नावात टिंब असलेली फाइल वाचलीच जात नाही, तिथे '.कॉन्फ' जोडू नका.

स्क्रिप्टमधून अपडेट चालवताना डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॅक्टिव्ह पुरत नाही, कारण ते फक्त डेबकॉन्फचे (पॅकेज बसताना सेटिंग्ज विचारणारी यंत्रणा) प्रश्न थांबवतं. डीपीकेजीला --फोर्स-कॉन्फडेफ आणि --फोर्स-कॉन्फओल्ड हे पर्यायही द्या, नाहीतर ते उत्तराची वाट पाहत अडकतं किंवा इनपुट नसल्याने चूक देऊन थांबतं. असं अपडेट गप्प होतं, म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी वरची शोधाची कमांड जोडा आणि सापडलेली यादी स्वतःला मेल करा.

जोडीला 'इटीसीकीपर' बसवा. तो पॅकेज बसवण्याआधी आणि नंतर /इटीसीची गिटमध्ये नोंद करतो, परवानग्याही लक्षात ठेवतो. त्यात शॅडो फाइलही असते, म्हणून ही रिपॉझिटरी दुसरीकडे पुश करणार असाल तर ती जागा खासगी आणि फक्त रूटच्या ताब्यातली असायला हवी.