एकाच फळीतून सिगारपेटी: सागवान, शिसव आणि तूण

चांगली लाकडी पेटी ओळखायची खूण कोपऱ्यात असते. समोरच्या फळीवरची लाकडाची रेषा कोपऱ्याशी येऊन तुटत नाही, ती वळून बाजूच्या फळीवर तशीच पुढे जाते. झाकण मिटलं की वरची रेषा खालच्या रेषेला जुळते. यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. लागते ती एक सलग फळी, आणि ती कोणत्या क्रमाने कापायची याचं भान. इथे सिगार ठेवायची पेटी करू. घरात कुणी ओढत नसेल तर पेनं, पत्रं, दागिने यांनाही हेच माप चालेल.

माप आधी, करवत नंतर

सिगारची जाडी रिंग गेजमध्ये सांगतात. एक रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. सुताराच्या मापात हे नेमकं बसतं: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून एका सुतात ८ रिंग गेज. ४८ गेजची सिगार बरोबर ६ सूत जाड असते. ५० गेजची रोबुस्टो (आखूड, जाड प्रकारची सिगार) साधारण ५ इंच लांब असते. अशा १० शेजारी शेजारी ठेवायला पावणेआठ इंचांहून थोडी जास्त जागा लागते. म्हणून आतली जागा ८ बाय ६ इंच धरा. दोन थरांत २० सिगार मावतील. चर्चिल नावाच्या ७ इंची लांब सिगार पेटीच्या लांबीच्या दिशेने ठेवायच्या.

आतल्या अस्तराची जाडी २ सूत आणि भिंतींची ४ सूत धरली की बाहेरचं माप साडेनऊ बाय साडेसात इंच होतं. उंची साडेतीन इंच.

लाकूड

भिंतींसाठी सागवान. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान वखारीत ‘सीपी टीक’ म्हणून मिळतं आणि त्याचं नाव खरोखर मोठं आहे. अयोध्येच्या राममंदिराचे दरवाजे बल्लारपूरहून गेलेल्या सागवानाचे आहेत. तरी या कामासाठी मी जुनं सागवान घ्यायला सांगेन. पाडलेल्या वाड्याची तुळई, मोडलेल्या पलंगाची पट्टी, जुन्या दाराची चौकट, काहीही चालेल. ते लाकूड कित्येक दशकं वाळत पडलेलं असतं, आता ते नव्याने वाकणार-पिळवटणार नाही. फक्त त्यात रुतलेले खिळे लोहचुंबक फिरवून शोधा, नाहीतर रंध्याच्या पात्याचा बळी जातो. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये छोटे तुकडे विचारले तर मिळतात.

फळी ४ फूट लांब, ४ इंच रुंद, ६ सूत जाड घ्या आणि रंधून ४ सुतांवर आणा. नवं लाकूड असेल तर आधी दोन-तीन आठवडे घरातच, हवा खेळेल असं ठेवा.

झाकणाच्या वरच्या पत्र्यासाठी, म्हणजे माथ्याच्या पातळ फळीसाठी, शिसव. इंचभर जाडीचा तुकडा मधोमध उभा चिरून घ्या आणि दोन्ही अर्धे पुस्तक उघडावं तसे शेजारी मांडा. डावीकडची नक्षी उजवीकडे आरशात पाहिल्यासारखी उमटते. कडा रंधून चिकटवा आणि पत्रा २ सूत जाडीवर आणा. शिसवाची संपूर्ण प्रजात २०१७ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, म्हणून खरेदीची पावती जपून ठेवा. तळाला ६ मिलिमीटरचा प्लाय लावला तरी कमीपणा नाही. तो फुगत नाही आणि दिसतही नाही.

आतल्या अस्तराबद्दल मात्र तडजोड करू नका. सिगारच्या पेट्यांना जगभर ‘स्पॅनिश सीडर’ वापरतात. नावात सीडर असलं तरी ते देवदाराच्या नव्हे, महोगनी आणि कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे. आपल्याकडचा तूण त्याचा अगदी जवळचा नातलग: हलका, लालसर, मंद वासाचा. देवदार किंवा चीड वापरलं तर त्याचा उग्र वास सिगारमध्ये उतरतो.

कापणीचा क्रम

फळीच्या बाहेरच्या बाजूवर डावीकडून उजवीकडे खडूने लिहा: समोर, उजवी, मागे, डावी. लांबी अनुक्रमे साडेनऊ, साडेसात, साडेनऊ, साडेसात. याच क्रमाने कापल्यावर रेषा तीन कोपऱ्यांवर सलग वळते. चौथ्या कोपऱ्यावर फळीची दोन टोकं भेटतात, तिथे ती तुटणारच. वरच्या क्रमात तो समोरचा डावा कोपरा होतो. तो डोळ्यात भरायला नको, म्हणून खरं तर सुरुवात ‘मागे’पासून करा: मागे, डावी, समोर, उजवी. मग तुटका कोपरा पाठीमागे जातो आणि पेटी बघणाऱ्याला तो सापडतच नाही.

कापण्याआधी, फळी सलग असतानाच, आतल्या बाजूने दोन खाचा मारून घ्या. एक वरच्या कडेपासून २ सूत खाली, एक खालच्या कडेपासून २ सूत वर. दोन्ही २ सूत रुंद, २ सूत खोल. राऊटर (खाचा पाडायचं विजेवरचं यंत्र) असेल तर काम मिनिटांचं, नसेल तर खाच पाडायचा रंधा.

आता ४५ अंशांचे काप. करवतीने रेषेच्या किंचित बाहेरून कापा आणि उरलेलं ४५ अंशांच्या लाकडी साच्यावर रंधा चालवून काढा. इथे घाई नको. साडेनऊचं माप नऊ आणि तीन सूत झालं तरी बिघडत नाही, पण समोरची आणि मागची पट्टी एकमेकींएवढी हवीच, तशाच दोन्ही बाजूंच्या. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या करा आणि टोकावरून बोटाचं टोक फिरवा. डोळ्याला न दिसणारा फरक बोटाला कळतो.

पत्रा मोकळा का ठेवायचा

लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. एप्रिलमध्ये वाळलेला सात इंची पत्रा श्रावणात अर्धा सूत रुंद होऊ शकतो. त्याला चारही बाजूंनी फेविकॉलने जखडलं तर एकतर तो मधोमध तडकेल, नाहीतर कोपरे फोडेल. म्हणून पत्रा खाचेत नुसता बसवायचा, फेविकॉलचा थेंबही नाही. उन्हाळ्यात करत असाल तर रुंदीच्या दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा सूत मोकळा सोडा. ऐन पावसाळ्यात करत असाल तर पत्रा आधीच फुगलेला असतो, थोडा घट्ट चालेल. आणि पत्र्याला पॉलिश जोडणीआधीच करा. नाहीतर हिवाळ्यात तो आकसला की कडेने पॉलिश नसलेली पांढुरकी रेघ उघडी पडते.

जोडणी

सागवानात तेल असतं, ते फेविकॉल धरू देत नाही. काप ताजा रंधलेला असावा आणि जोडणीच्या आधी त्यावर थिनरचं फडकं फिरवावं. चारही पट्ट्या बाहेरची बाजू वर ठेवून टोकाला टोक लावून ओळीत मांडा, सांध्यांवर रुंद चिकटपट्टी ताणून लावा आणि अख्खी माळ उलटी करा. कापांवर फेविकॉलचा पातळ हात द्या. तो आडव्या कापात मुरतो, म्हणून पाच मिनिटांनी दुसरा हात. पत्रा आणि तळ खाचांत बसवत माळ गुंडाळा आणि शेवटचा कोपरा चिकटपट्टीने बंद करा. लगेच दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर पेटी काटकोनात आहे. नसतील तर लांब कर्णाच्या दिशेने हलकं दाबा. रात्रभर हात लावू नका.

आता तुमच्यासमोर सगळीकडून बंद ठोकळा असेल. नुसता ४५ अंशांचा सांधा कमजोर असतो, त्याला शिसवाच्या पाचरी हव्यात. प्रत्येक कोपऱ्यावर वरून पाऊण, पावणेदोन आणि पावणेतीन इंचांवर करवतीने तिरपी चीर पाडा, एक सूत जाडीची शिसवाची चकती फेविकॉल लावून घाला, सुकल्यावर कोपऱ्याकडून आतल्या दिशेने रंधून सपाट करा. उलट्या दिशेने रंधलं तर टोक उचकटतं. काळपट शिसव सोनेरी सागवानावर उठून दिसतं. मजबुतीचं कामच इथे नक्षी होतं.

झाकण वेगळं करणे

वरून सव्वा इंचावर, दोन पाचरींच्या बरोबर मध्ये, मार्किंग गेजने (कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ मारायच्या अवजाराने) चारही बाजूंनी खोल रेघ मारा. बारीक दातांच्या करवतीने एका बाजूने आरपार न जाता पेटी फिरवत फिरवत कापा. झाकण आणि पेटी एकाच ठोकळ्यातून निघाल्याने रेषा जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून दोन्ही कडा त्यावर घासा.

बिजागऱ्या इंचभर लांबीच्या, भरीव पितळेच्या घ्या. धातूच्या पातळ पत्र्याच्या बिजागऱ्या इतक्या मेहनतीच्या कामाला शोभत नाहीत. पटाशीने बिजागरीच्या जाडीएवढीच खाच घ्या. पितळी स्क्रू मऊ असतो, सागवानात डोकं तुटतं. आधी भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा पिळून काढा, मग पितळी स्क्रूला मेण लावून बसवा.

पॉलिश आणि अस्तर

बाहेरून चपडी लाखेचं पॉलिश द्या. १०० मिलिलिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये १५ ग्रॅम चपडी रात्रभर भिजवा, गाळा, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ पातळ हात मारा. भर पावसात हे करू नका, हवेतल्या ओलीने लाख पांढरी पडते. जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसावी. घासकाम करताना मास्क लावा. साग आणि शिसव या दोन्हींच्या भुशाचा काहींना त्रास होतो.

आतून मात्र काहीही लावायचं नाही. तुणीच्या पट्ट्या कोऱ्याच, फेविकॉलशिवाय, नुसत्या दाबून बसवा आणि पेटीच्या कडेपेक्षा २ सूत उंच ठेवा. झाकण त्यांच्यावरून उतरतं आणि फट झाकली जाते. समोरच्या पट्टीची बाहेरची वरची कड थोडी तासा, नाहीतर झाकण फिरताना तिथे अडतं.

स्पिरिटचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी काही दिवस उघडी ठेवा. मग आर्द्रता राखणारी पुडी आणि छोटा आर्द्रतामापक आत ठेवून झाकण लावा. काटा ६५ ते ७० टक्क्यांवर स्थिर झाला की सिगार ठेवायच्या. कोरडी तूण सुरुवातीला बरीच ओल पिते, त्यामुळे पहिली पुडी लवकर संपेल.