मांजरीने कापडावर शू केली तर इस्त्री लांब ठेवा

शिवणाच्या खोलीत कापडाचा ढीग दिसला की मांजर तिथेच बसणार, आणि कधीतरी तिथेच शूही करणार. अशा वेळी कापड चोळू नका. जुन्या सुती फडक्याने दाबून ओल टिपा आणि गार पाण्यात खळबळून घ्या. गरम पाणी, इस्त्री, ड्रायर काहीही नको. उष्णतेने डाग आणि वास धाग्यात पक्के बसतात. ब्लीच तर अजिबात नको, कारण लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. एक भाग पांढरा व्हिनेगर, दोन भाग पाणी अशा मिश्रणात सुती कापड अर्धा तास भिजवून मग नेहमीसारखं धुवा. रंग जातो का, ते आधी कोपऱ्यावर बघा. रेशमी किंवा जरीचं कापड सरळ ड्रायक्लीनरकडे द्या.

धुतल्यावर वास गेल्यासारखा वाटतो, पण पावसाळी दमट हवेत परत डोकं वर काढतो. लघवीतलं युरिक आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून. त्यावर एन्झाइमवालं, म्हणजे वासाचे घटक तोडणारं, क्लीनर उत्तम. बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ते ओलंच राहू द्या.

आणि हो, गिऱ्हाइकाचं कापड झाकणाच्या डब्यातच ठेवा. मांजर वारंवार असं करत असेल तर पशुवैद्याला दाखवा, मूत्रमार्गाचा त्रास असू शकतो.