आधी दार मोजा, मग सेट आखा

खान्देशात कंपनीची डीलर मीट किंवा वार्षिक बैठक ठरली की जागा बहुधा मंगल कार्यालयाची नाहीतर लॉनची मिळते. ती लग्नासाठी बांधलेली असते. पडद्यावरचे आकडे शेवटच्या रांगेला दिसावेत असा विचार तिथे कुणी केलेला नसतो. म्हणून थ्रीडी चित्र काढायला बसण्याआधी मोजपट्टी घेऊन जागेवर जा. हॉलची लांबी-रुंदी सगळेच घेतात. त्याशिवाय सगळ्यात खाली आलेल्या बीमपर्यंतची किंवा पंख्याच्या पात्यापर्यंतची उंची घ्या. सामान ज्या दारातून येणार त्याचे माप घ्या, टेम्पो थांबतो तिथून मंचापर्यंतची वळणे पाहा, मेन बोर्डापासून केबल किती लागेल ते मोजा. आणि वेळ विचारा. लग्नसराईत आदल्या दिवशीचे लग्न आटोपून हॉल रात्री अकराला मोकळा होतो आणि पाहुणे सकाळी नऊला येतात. त्या दहा तासांत सुतारकाम होत नाही, जोडणी तेवढी होते. तेव्हा प्रत्येक तुकडा दारातून जाणारा हवा, दोघांना उचलता यायला हवा, आणि जागेवर करवत काढायची वेळ यायला नको.

तीनशे माणसांच्या बैठकीला २४ × १६ फुटांचा मंच पुरतो. त्याला ८ × ४ फुटांचे १२ प्लॅटफॉर्म लागतात. उंची अडीच फूट, वर १९ मिमी प्लाय, खाली चौकोनी पाइपची फ्रेम. भार चौरस मीटरला ५०० किलो धरा, कारण सत्काराच्या फोटोला पंधरा-वीस जण एकाच कोपऱ्यात गोळा होतात. प्लॅटफॉर्म एकमेकांना बोल्टने जखडा, नाहीतर मध्ये फट पडते आणि कार्पेटखाली टाच अडकते. अडीच फुटांसाठी सहा इंचांचे पाच चढ म्हणजे चार पायऱ्या. पाऊल ठेवायला ११ इंच जागा आणि एका बाजूला कठडा. सत्काराला येणाऱ्या जुन्या डीलर मंडळींत वयस्कर माणसे असतात, त्यांच्यासाठी इथे तडजोड करू नका.

मागची भिंत ८ × ४ च्या फ्लॅटची, म्हणजे लाकडी चौकटीवर प्लाय ठोकलेल्या सुट्या तुकड्यांची करा. एका फ्लॅटला २ × १ इंची पाइनच्या पट्टीची चौकट आणि दर दोन फुटांवर आडवी पट्टी, म्हणजे साधारण ३६ फूट पट्टी लागते. वर ६ मिमी प्लाय. शेजारचे दोन फ्लॅट क्लॅम्पने एकत्र धरूनच भोके पाडा, एका कडेला तीन. वेगवेगळी पाडलेली भोके जागेवर कधीच जुळत नाहीत. जोडणीला बोल्ट आणि पंखी नट वापरा, म्हणजे पान्याविना काम होते. प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर नंबर आणि वरची बाजू दाखवणारा बाण रंगवा. तिरपा आधार उंचीच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे सव्वापाच फुटांच्या आसपास द्या. कंपनीचा लोगो सांध्यावर येणार नाही हे डिझाइनमध्येच पाहून घ्या. मग सगळा सेट एकदा कारखान्यात पूर्ण उभा करा आणि मोडा. हा दिवस वाचवणाऱ्यांना तो रात्री दोन वाजता हॉलवर मोजावा लागतो, आणि तेव्हा हार्डवेअरचे दुकान उघडे नसते.

सगळ्यात जास्त घोळ एलईडी पडद्यात होतो. पडदा कॅबिनेट नावाच्या सुट्या तुकड्यांचा जोडलेला असतो. ५०० मिमीच्या चौकोनी कॅबिनेटची आठ आडवी आणि पाच उभी अशी ४० कॅबिनेट लावली की ४ × २.५ मीटरचा पडदा होतो. पडदा पी-३.९ चा, म्हणजे दोन ठिपक्यांत ३.९ मिमी अंतर असलेला असेल तर एका कॅबिनेटमध्ये १२८ × १२८ ठिपके, म्हणजे पूर्ण पडद्यावर १०२४ × ६४०. हे प्रमाण १६:१० आहे आणि स्लाइड बहुतेकदा १६:९ मध्ये येतात. त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या पडतात किंवा चित्र ताणले जाऊन चेहरे लांबट दिसतात. बोलणाऱ्यांना हे माप आठ दिवस आधी कळवा. खुर्च्यांची पहिली रांग पडद्यापासून किमान चार मीटर दूर ठेवा.

आता उंचीचा हिशेब. मंच अडीच फूट, त्यावर बसलेल्या माणसांच्या डोक्यासाठी चार फूट, आणि पडदा सव्वाआठ: झाले पावणेपंधरा. बीम तेरा फुटांवर असेल तर पडदा लहान करण्याआधी खुर्च्या बाजूला सरकवा. समोर कुणी बसत नसेल तर पडद्याची खालची कड मंचापासून दोन फुटांवर आणता येते आणि पावणेतेरात काम बसते. वीज चौरस मीटरला कमाल ८०० वॅट धरली तर या पडद्याला ८ किलोवॅट लागतात. ध्वनीची लाइन वेगळी घ्या. नाशिकहून सुटा भाग जळगावला यायला चार-पाच तास जातात, म्हणून दोन कॅबिनेट आणि एक पॉवर सप्लाय जास्तीचा आणून ठेवा.

मराठी अक्षरे छापायला देताना कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टऐवजी रेषांच्या आकारात बदलून द्या, नाहीतर प्रिंटरवाल्याकडे जोडाक्षरे फुटतात. साठ फुटांवरून वाचायचे असेल तर अक्षर आठ इंच हवे.

लॉनवर प्रश्न वाऱ्याचा आणि जमिनीचा. २० × १० फुटांच्या फ्लेक्सवर ताशी ४० किमीचा वारा सुमारे १७० किलोचा दाब देतो, ६० किमीचा ३८० किलोचा. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो. फ्लेक्सला भोके पाडून फारसा फरक पडत नाही, उलट तो तिथूनच फाटतो. तिरप्या आधाराचा पाय उंचीच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे पाच फूट मागे टेकवला, तर तिथे दाबाइतकेच वजन लागते. ६० किमीच्या वाऱ्यासाठी ते म्हणजे २०० लिटरचे, पाण्याने काठोकाठ भरलेले दोन ड्रम. तेवढेच वजन चौकटीच्या पायाशीही हवे, कारण वारा दोन्हीकडून येतो. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग दिसले की फ्लेक्स सोडायला दोन माणसे नेमून ठेवा.

तापी खोऱ्यातली काळी माती ओली असली की लोखंडी पाय खाली जातात. प्रत्येक पायाखाली किमान एक फूट चौरस जाड फळी घाला आणि लॉनला पाणी देणे दोन दिवस आधी थांबवायला सांगा. याउलट अर्थिंगच्या रॉडपाशी पाणी ओतावे लागते, कोरड्या मातीत अर्थिंग नीट लागत नाही.

उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर गेला की दुहेरी टेप सुटतो आणि सनबोर्ड (फोमचे हलके शीट) फुगून उचलला जातो. आठ फुटांचे शीट वीस अंशांच्या फरकाने तीनेक मिलिमीटर वाढते. सांध्यात तेवढी फट सोडा आणि अक्षरे स्क्रूने बसवा.

दीपप्रज्वलनाची समई फ्लेक्सपासून सहा फूट लांब ठेवा, खाली कडा वळवलेला पत्र्याचा ट्रे द्या. तेल कार्पेटवर सांडले की पुढचा वक्ता तिथेच घसरतो. त्या पाच मिनिटांसाठी जवळचा पंखा बंद करायला एक माणूस उभा करा, आणि अग्निशामक सिलिंडर मंचाच्या मागे न ठेवता पायरीपाशी ठेवा.