मानधनाच्या तक्त्यातली बारा नावं

पणजीत आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात चार वर्षं पेंटिंग शिकून बाहेर पडले, तेव्हा मला कॅनव्हास ताणता येत होता, पण साधं बिल करता येत नव्हतं. वर्गातल्या निम्म्यांची गत तीच. मग कलाव्यवस्थापनाचा वर्षभराचा अभ्यासक्रम केला, सहा महिने वर्ग आणि सहा महिने प्रत्यक्ष काम. तेव्हापासून हेच करते आहे. दर जूनमध्ये ओळखीपाळखीतून फोन येतात, ‘ताई, या क्षेत्रात यायचंय, काय शिकू?’ तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

गोव्याच्या खेड्यात वाढलेल्याला हे काम तसं अगदी नवं नसतं. आमच्या फोंडा तालुक्यात देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक हवंच. पावतीपुस्तक कोणाकडे, कपडेपट कुठून आणायचा, लाइटवाल्याला आगाऊ किती द्यायचे, हे सगळं सभामंडपात बसून ठरतं. माझे बाबा कित्येक वर्षं विंगेत प्रॉम्प्टिंग करायचे. वर्गात ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला देवस्थानचे खजिनदारच आठवले. पण त्या सभामंडपात काही गोष्टी कधी कागदावर येत नाहीत. नाटकाला आत खुर्चीवर कोण बसणार आणि अंगणात उभं कोण राहणार, हे गावात सगळ्यांना पाठ असतं.

अभ्यासक्रमातला पहिला स्वाध्याय होता शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांवर साठ शब्दांचा फलक लिहिण्याचा. त्यांचं गाव केरी आमच्यापासून लांब नाही, त्यामुळे मी खुशीत होते. सगळ्यांनी एकच लिहिलं: १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर त्यांचा आवाज अंतराळात गेला. शिकवणाऱ्या बाईंनी सगळे कागद परत केले. ‘आवाज अंतराळात गेला, पण देवळाच्या सेवेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या ज्या कलावंत घरांतून हे गाणं आलं, त्या घरांतल्या बायकांना गावाने कसं वागवलं, ते कुठे गेलं?’ मी घरी येऊन आजीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘ते नको लिहूस.’ तो फलक मी चार वेळा लिहिला. शेवटचा बाईंनी ठेवून घेतला, बरा की वाईट ते सांगितलं नाही.

आता कामाचं. आपलं वर्ष नोव्हेंबरात सुरू होतं. इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४पासून गोव्यात आहे. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव, जानेवारीत लोकोत्सव, मग कार्निव्हल आणि शिगमो. मडगाव, साखळी, कुडचडे इथली रवींद्र भवनं आणि फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर वर्षभर चालू असतात. पावसाळ्यात कामं आटतात, तेव्हा प्रस्ताव लिहायचे. पहिल्या वर्षी स्वयंसेवक म्हणून खुशाल शिरा, पण कोणतं काम मिळतंय ते बघा. गळ्यात पास अडकवून दारात आठ दिवस काढले तर हाती फक्त फोटो उरतात. ‘मला माल उतरवताना आणि परत भरताना ठेवा’ असं स्पष्ट मागून घ्या. कागदावरच्या चित्रावर ५० लक्सच्या वर उजेड नको, हे मी वाचलं होतं. पण आमचं प्रदर्शन लागलं त्या पणजीतल्या जुन्या इमारतीत चार वाजले की पश्चिमेच्या खिडकीतून ऊन नेमकं त्याच भिंतीवर येतं, हे मला शिडीवर चढलेल्या इलेक्ट्रिशियनने दाखवलं.

रॅम्पचं मात्र कोणी दाखवलं नाही. नियम सोपा आहे, एक फूट चढाला बारा फूट लांबी. आमच्या दाराला दीड फुटाच्या पायऱ्या होत्या, म्हणजे अठरा फूट रॅम्प हवा. मी सुताराला माप न देता नुसतं ‘रॅम्प कर’ म्हटलं आणि त्याने जागा बघून सहा फुटांत बसवला. उद्घाटनाला चाकाच्या खुर्चीवरून एक गृहस्थ आले, रॅम्पकडे बघून हसले आणि माघारी वळले. सुताराची चूक काडीची नव्हती.

पण खरी शिकवणी झाली ती एका लोककला कार्यक्रमात. कोणाचा, ते राहू दे. केपे तालुक्यातल्या बारा गावडा बायकांचं पथक धालो सादर करायला पणजीत आणलं होतं आणि समन्वय माझ्याकडे होता. गोव्यातल्या गावडा, कुणबी, वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. त्यांच्या नाचांना मंचावर मागणी त्याच्या कितीतरी आधीपासूनची. धालो खेळतात पौषात, रात्री, मांडावर, म्हणजे गावात त्यासाठी राखलेल्या पवित्र जागेवर. समोरासमोर दोन रांगा करून बायका गात गात पुढे येतात, मागे जातात. मांडावर चपला घालून कोणी पाय ठेवत नाही. आम्ही त्यांना मंच दिला आणि दहा मिनिटं दिली. विंगेत येताच बाराही जणींनी चपला काढून भिंतीला ओळीने लावल्या. आमचा एक मुलगा बूट घालून केबल ओढत त्यांच्यामधून आरपार गेला. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या आजींनी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलल्या काहीच नाहीत.

वेळ सातची होती, बायका मंचावर गेल्या सव्वानऊला. दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून शेवटच्या मोठ्या बँडची वेळ सांभाळायची होती. कापायला सोपं कोण, तर धालो. दहाची सहा मिनिटं झाली. तोवर जेवणाची कूपनं संपली होती आणि साडेआठला ठरवलेली गाडी दुसऱ्या भाड्यावर निघून गेली होती. लाइटवाल्याच्या टेम्पोवाल्याला हातापाया पडून मी त्यांना घरी पोचवलं, तेव्हा साडेबारा वाजले होते. त्यातल्या दोघी सकाळी सहाला दुसऱ्यांच्या घरी कामाला जाणार होत्या.

पैशांचं त्याहून वाईट. पथकाचं मानधन ३६ हजार, चेक निघाला पथकप्रमुखाच्या नावे. हा गृहस्थ नाचतही नाही, गातही नाही. आयोजकांच्या फोनमध्ये नंबर मात्र त्याचाच. त्याने पॅन दिला नव्हता, त्यामुळे २० टक्के कर कापला गेला, ७,२०० रुपये. उरलेल्यातून त्याने आपली ‘धावपळ’ वजा केली आणि प्रत्येकीच्या हातात ८०० ठेवले, तेही खूप उशिरा. त्याआधी फेब्रुवारीत त्यांच्यातली एक मला मडगावच्या बाजारात भेटली होती. मिरच्या निवडता निवडता तिने विचारलं, ‘बाय, आमकां पयशे केन्ना मेळटले?’ म्हणजे, आम्हाला पैसे कधी मिळणार? मी म्हटलं, ‘विचारून सांगते.’ व्यवस्थापन शिकलेल्या माणसाचं उत्तर!

पुढच्या वर्षी तेच पथक, तेच ३६ हजार. या खेपेला तक्ता मी बनवला. एका नावाऐवजी बारा नावं, प्रत्येकीपुढे ३ हजार. हिशेबनीस वैतागले. ‘एकाच्या जागी बारा व्हाउचर? आणि या बायकांची बँकेत खाती तरी आहेत का?’ मी फोन लावत बसले. अकरा जणींची खाती होती, कारण गृहिणींसाठीच्या गृह आधार या सरकारी योजनेचे दरमहाचे १,५०० रुपये त्यातच जमा होतात. बाराव्या त्या आजी. त्यांचं खातं दयानंद सामाजिक सुरक्षा या सरकारी योजनेच्या पेन्शनसाठी उघडलेलं. बँक घरात पोचून कैक वर्षं झाली होती, आमचाच तक्ता पोचला नव्हता. शिवाय प्रत्येकीची रक्कम करकपातीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली (ती मर्यादा तेव्हा ३० हजार होती, एप्रिल २०२५पासून ५० हजार), म्हणून एक पैसा कापला गेला नाही. हिशेबनीसांनी बाराही व्हाउचरांवर सह्या केल्या. आवाज करत केल्या, पण केल्या.

तेव्हा एक्सेल शिका, मनापासून शिका. करकपातीचे दर बदलतात, दर एप्रिलला ताजे बघून घ्या. पथकाशी बोलणं झालं की त्याच रात्री लिहून पाठवा: मंचावर जाण्याची वेळ, परतीच्या गाडीवाल्याचा नंबर, जेवण, कपडे बदलायला कडी लागणारी खोली, आणि निम्मे पैसे आधी. कोणी वाचत नसेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. आणि दहा मिनिटांत काय बसतं, काय मांडाबाहेर न्यायचंच नाही, हे त्यांनाच विचारा. एका वर्षी आजींनी एक गाणं मंचावर म्हणायला साफ नकार दिला. माझ्या वरिष्ठांना तेच हवं होतं. भांडण झालं, गाणं झालं नाही. त्यानंतर तिथलं काम मला मिळालं नाही, हेही सांगून ठेवते.

गेल्या वर्षी आमच्याच गावात उत्सवी नाटकांच्या जुन्या फोटोंचं छोटं प्रदर्शन लावलं. नटांची नावं शोधून शोधून लिहिली होती. नेपथ्याचं नाव मिळालं. कपड्यांपुढे लिहिलं, ‘अज्ञात’. दुसऱ्या दिवशी साठीच्या एक मावशी त्या फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग मला बोटाने बोलावलं. ‘बाय, म्हजो बापूय तो. अज्ञात कित्याक?’ त्यांचे वडील गावचे शिंपी. आमच्या घरापासून चार घरं सोडून त्यांचं घर, आणि माझ्या शाळेचा गणवेश त्यांनीच शिवलेला.

फलक त्याच संध्याकाळी बदलला. सकाळी मावशी वडिलांची मापांची वही घेऊन आल्या. तेलकट पुठ्ठा, आत पेन्सिलीने लिहिलेलं: ‘संभाजी, छाती ३६. येसूबाई (दत्ता), छाती ३४, बाही सैल.’ वही आम्ही काचेच्या पेटीत मांडली. पण रात्री ती तिथे ठेवायला मावशी काही केल्या तयार होईनात. मग प्रदर्शन संपेपर्यंत वही रोज सकाळी यायची, संध्याकाळी पिशवीतून घरी जायची, आणि दोन्ही वेळा मी त्यांना पावती करून द्यायचे.