चिंचोक्यांचा खेळ प्रोग्रामात उतरवताय? या चुका टाळा

खेळ एवढासा आहे. एका ढिगात चिंचोके, दोघांनी आळीपाळीनं १, ३ किंवा ४ उचलायचे, शेवटचा उचलेल तो जिंकला. चिंच विदर्भात गावोगावी आहे, पण पोट्ट्यांना चिंचोके हातात घ्यायचा कंटाळा. थेट मोबाईलवर कोड ठोकतात.

मग हमखास होणारी चूक म्हणजे 'समोरच्याला ५ च्या पटीत ठेवा'. हा नियम १ ते ४ पैकी कितीही उचलता येतात तेव्हाचा. इथं २ उचलायची मुभाच नाही. नियम न तपासता कोडात घातला की कसं होतं पाहा. ओसरीवर कोडवाल्या नातवानं आजीसमोर १० चिंचोके ठेवले. आजीनं १ उचलला, उरले ९. कोड म्हणाला ४ उचल, म्हणजे ५ उरतील. आजीनं ३ घेतले, उरले २. नातवाला १ घ्यावाच लागला, शेवटचा आजीनं. "काहून रे, मोबाईल झोपला का?" आणि नातू बसला कोडातलं स्पेलिंग तपासत!

कोड लिहिण्याआधी कागदावर ० ते १६ ची ओळ आखा. ० वर ज्याची पाळी त्याची हार. पुढं प्रत्येक आकड्यावरून १, ३, ४ मागं पाहा. एकही हार दिसली तर जीत, नाहीतर हार. हारीच्या जागा येतात ०, २, ७, ९, १४, १६. म्हणजे ७ नं भागून बाकी ० किंवा २. प्रत्येक घर फक्त मागच्या चार घरांवर ठरतं, म्हणून तेच चार त्याच क्रमानं पुन्हा आले की पुढचं सगळं पुन्हा तेच. दहा मिनिटांचं काम आहे, पण तेवढा धीर कोणाला?

दुसरी आवडती चूक म्हणजे उत्तर साठवून न ठेवता फंक्शननं स्वतःलाच बोलावत राहणं. २० चिंचोक्यांना २०,७३६ हाका जातात, म्हणून वाटतं जमलं. ४० ला ३१ कोटींच्या वर. ६० ला साडेचार लाख कोटींच्या वर. लाइट जाईल, बॅटरी संपेल, उत्तर येणार नाही. दर चिंचोक्याला काम साधारण १.६२ पट वाढतं. वरच्या ओळीसारखा तक्ता भरून उत्तरं साठवली तर ६० ला ६१ घरं, दर घराला फार तर तीन नजरा. तोही खालून वर, म्हणजे ० पासून भरा. फंक्शननं वरून खाली गेलात तर पायथनची खोलीची मर्यादा (फंक्शन एकात एक किती वेळा बोलावता येतं ती) मुळात १०००, ५००० चिंचोक्यांना कोड कोसळतो.

तक्ता झाला म्हणून 'झटपट' म्हणू नका. १३ अंकी संख्येला लाख कोटी घरं लागतात. तिथं ७ ची बाकीच हवी.

अनेक ढीग आणि एका ढिगातून हवे तेवढे उचलायचे, तर तो निम. बूटन नावाच्या गणितज्ञानं तो १९०१ मध्ये सोडवला. तिथं ढिगांची बेरीज करू नका, झॉर करा, म्हणजे आकडे ०-१ च्या बायनरीत लिहून ज्या स्थानी १ विषम वेळा येतो तिथं १, नाहीतर ०. ३, ४, ५ चा झॉर २ येतो. ३ च्या ढिगातून २ काढा, उरलेल्या १, ४, ५ चा झॉर शून्य, म्हणजे समोरचा हारीच्या जागी. मोठ्या ढिगावर झडप घालायची सवय सोडा.

शेवटचा उचलणारा हरतो असं ठरलं असेल, तर निम नेहमीसारखाच खेळा. फक्त तुमच्या चालीनंतर सगळे ढीग एकेकाचे उरणार असतील, तेव्हा ते विषम संख्येत ठेवा.