आजीला नीट ऐकू येत नाही? ओरडू नका, असं बोला

आधी टीव्ही बंद करा, आवाज कमी नाही, बंदच. पंख्याची घरघर एकसारखी असते म्हणून मेंदू ती बाजूला टाकतो, पण मालिकेतले संवाद म्हणजे पण बोलणंच ना, त्यातून तुमचं बोलणं वेगळं काढायला वयस्कर मेंदूला खूप जड जातं.

मग समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर हवा. मेंदू ओठ बघून पण ऐकतो, १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की कानावर 'बा' आणि ओठांवर 'गा' असेल तर बऱ्याच जणांना चक्क 'दा' ऐकू येतं!

ओरडल्याने काय होतं तर अ, आ, ओ असे स्वर मोठे होतात, जे आजीला आधीच ऐकू येत असतात. वयानुसार पहिले जातात ते उंच पट्टीचे आवाज, स, श, फ वगैरे, म्हणून 'सोडा'चं 'फोडा' होतं. त्यापेक्षा सावकाश बोला, आणि नाही कळलं तर तेच वाक्य परत नको, शब्द बदला. "औषध घेतलंस?" ऐवजी "आजी, सकाळची बीपीची गोळी घेतलीस का?" जास्त शब्द मिळाले की मेंदू राहिलेलं स्वतः भरून काढतो. आणि कानाची तपासणी पुढे ढकलू नका प्लीज.